तालमीत पंच नसतो

चि. बापूस,

कानमंत्र खरं तर कानातच सांगायचा असतो. पण माझे दोन्ही कान कधीचेच मोडलेले आणि तुझ्या कानांत दिवसभर ती मोबाइलची बोंडं. म्हणून वहीत लिहून देतोय. एक तारखेपासून तालमीची किल्ली तुझ्याकडे आहे. डाव तुला माझ्याहून चार जास्तच येतात, पटियाळ्याचा कोर्स करून आलास, इंग्रजी नियमपुस्तक वाचतोस. तिथं गादी होती, पंख्याचा हॉल होता. इथं जुन्या जालन्यात माती आहे, वर पत्रा आहे आणि पावसाळ्यात गळणारा एक कोपरा आहे. त्या कोपऱ्यात बसून मामानं चाळीस वर्षांत काय पाहिलं, तेवढंच यात आहे. डाव शिकवणार नाही. लेकरं घरी धडधाकट कशी पाठवायची, एवढंच सांगणार आहे.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात झाली, तेव्हा तू माझ्या मांडीला मांडी लावून बसला होतास. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखनं पुण्याच्या अभिजित कटकेला हरवलं आणि तू शिट्ट्या मारून घसा बसवून घेतलास. तू कुस्ती बघत होतास, मी गादीभोवतीची माणसं मोजत होतो. एका कुस्तीला तीन पंच. नियमानं डॉक्टर लागतो, वजन तपासणारे लागतात, नखं बघणारे लागतात. सहा मिनिटांच्या कुस्तीसाठी एवढा जामानिमा. आणि त्या सहा मिनिटांसाठी पोरं वर्षभर पहाटे आणि संध्याकाळी एकमेकांना आपटतात, तिथं कोण असतं? एक वस्ताद. तोही कधी चहाला गेलेला.

ही गोष्ट फक्त आपल्यातच आहे असं मी समजत होतो. मागं तुझी बहीण म्युनिकहून आली, तेव्हा तिनं पोराचे बर्फावर घसरायचे व्हिडिओ दाखवले. तिकडं हिवाळ्यात लेकरं आल्प्सच्या उतारावर स्की शिकतात, जशी आपली पोरं आखाड्यात येतात. तिच्या जिवाला त्या दिवसांत घोर होता. मात्तेओ फ्रांझोसो नावाचा इटलीचा पोरगा, 2025 च्या सप्टेंबरात चिली देशात सरावाला गेला होता. उतारावरून सुटला, बाजूच्या दोन जाळ्या तोडून पलीकडच्या कुंपणावर आदळला. दोन दिवसांनी गेला. दुसऱ्या दिवशी सव्विसावं लागणार होतं. त्याच्या आधी वर्षभरात इटलीचीच माटिल्डे लोरेंझी, वय 19, आणि फ्रान्सची मार्गो सिमाँ, वय 18. आणखी मागं 2017 मध्ये फ्रान्सचा दाविद प्वासाँ. चौघंही सरावात गेली, शर्यतीत एकही नाही. मी तिला विचारलं, असं काहून? ती म्हणाली, मामा, मोठ्या शर्यतीला सगळ्या उताराला जाळ्यांवर जाळ्या लावतात, डॉक्टर, हेलिकॉप्टर तयार असतं. सरावाच्या उताराला तेवढं कोण करतं? खर्च असतो, वेळ नसतो.

मी तिला म्हटलं, पोरी, हे तर आपल्या तालमीचंच सांगतेस. मैदानात पंच असतो. तालमीत पंच नसतो. तिथं वस्तादानंच पंच व्हायचं, डॉक्टर व्हायचं आणि जाळीही व्हायचं.

आता मातीच्या हौद्याच्या कडेची गोष्ट. ती तुला अर्धीच ठाऊक आहे, मी कधी पुरी सांगितली नाही.

1994 ची नागपंचमी चार दिवसांवर आली होती. यात्रेच्या कुस्त्या ठरल्या होत्या, पोरं चेकाळलेली. मी दाराशी पावतीपुस्तक घेऊन वर्गणीचा हिशोब करत बसलो होतो. पाठ हौद्याकडं. दोन जाडजूड गडी लढत करत करत दक्षिणेच्या कडेला आले. एकानं ढाक मारली. ज्याच्यावर बसली त्याचे खांदे मातीत पडले आणि डोक्याची मागची बाजू कडेच्या शहाबादी फरशीवर. आवाज मी पाठमोरा ऐकला. नारळ फुटतो तसा नव्हता, बारीक होता, टक् असा. वळून बघतो तर पोरगा उठून बसलेला, हसतोय. ‘काही नाही वस्ताद.’ मी डोकं चाचपलं, टेंगळावर हळद दाबली आणि, हे लिहिताना आजही हात अडतो, त्याला म्हणालो, ‘चल, हीच जोड पुरी कर.’ त्यानं पुरी केली. रात्री घरी तीन वेळा उलटी झाली, आईला ओळखेना. तिथून जीपमध्ये घालून औरंगाबाद, तेव्हा त्या गावाचं तेच नाव होतं. वाचला. पण वर्षभर उन्हात निघाला की डोकं धरून बसायचा, आणि लंगोट त्यानं परत बांधला नाही. त्याचा बाप मला कधी एक शब्द वाईट बोलला नाही. मोंढ्यात भेटला की रामराम करायचा. तो रामराम मला अजून लागतो.

त्यात दोन चुका माझ्या होत्या. पहिली कडेची. गादीवर 9 मीटरचं वर्तुळ आणि त्याच्या बाहेर दीड मीटरची मोकळी पट्टी असते, ती उगाच नाही. आपला हौदा सगळा मिळून वीस फुटांचा. म्हणून डाव मारायचा तो मधल्या भागात, कडेपासून दोन हात आत. त्या रेषेच्या बाहेर जोडी आली की शिट्टी, मग डाव कितीही रंगात आलेला असो. त्या वर्षी मी तीन बाजूंच्या फरश्या पहारीनं काढल्या आणि लाकडाच्या भुशानं भरलेली पोती रचली. मुद्गल, डंबेल, दगडी करेल ही हौद्याच्या काठावर टेकवून ठेवायची सवय होती, ती मोडली. खांबाला जुनी गादी कापून गुंडाळली. चौथ्या, म्हणजे त्याच दक्षिण बाजूची फरशी तेवढी राहिली, कारण तिच्यावर देणगीदाराचं नाव कोरलेलं आहे. नावावर पहार कोण मारणार? तीस वर्षं त्या बाजूला मी स्वतः पाटावर बसतो, म्हणजे कुणी तिकडं येत नाही. तू म्हणायचास, मामा तिथंच का बसतात. हे त्याचं कारण.

दुसरी चूक डोक्याची. डोक्याला मार लागला, पोरगा क्षणभर जरी बावरला, डोळे फिरवले, तारीख विचारली तर गोंधळला, ‘आत्ता काय झालं’ असं दोनदा विचारलं, की त्या दिवशीची त्याची कुस्ती संपली. तो हसला तरी संपली. यात्रा उद्या असली तरी संपली. एकटं घरी पाठवायचं नाही, घरच्यांना फोन करून सांगायचं की रात्री उलटी झाली, झोपेतून जागा होईना, एक बुबुळ मोठं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय परत लंगोट नाही. पोरं यावर चिडतात. चिडू दे.

माती. आपली काळी माती कपाशीला सोनं, कुस्तीला शाप. ओली झाली की चिखल, वाळली की वीट. म्हणून तांबडी माती बाहेरून आणावी लागते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवावी लागते, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पण मुरवली म्हणजे वर्षभराची निश्चिंती नाही. उन्हाळ्यात चार दिवस तालीम बंद राहिली की वरचा पापुद्रा फरशीसारखा होतो. रोज लढतीआधी फावड्यानं वीतभर उकरायची, पाण्याचा हबका मारायचा. मूठभर घेऊन दाब, लाडू झाला पाहिजे आणि अंगठा लावताच फुटला पाहिजे. फुटत नसेल तर पाणी जास्त झालं, लाडूच होत नसेल तर कमी. उकरायचं काम पोरांकडूनच करून घे, पण बाजूला उभा राहून आवाज ऐक. फावडं मातीत गेलं तर फस्स आवाज येतो, खडा लागला तर टण्ण. मी आजवर त्या मातीतून बैलगाडीचा खिळा, बाटलीची काच, एक चांदीचं जोडवं आणि कुणाचा तरी दात काढलाय. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकाचं झालंय का, ते नाव घालतानाच विचारून वहीत लिहून घे.

नवा पोरगा आला की आईबाप पहिल्या आठवड्यात विचारतात, डाव कोणता शिकला? सांग, पडायला शिकतोय. पहिला महिना दुसरं काही नाही. हनुवटी छातीला, दातावर दात, जीभ आत. मागं पडताना पाठ गोल करून लोळायचं, एका बाजूला पडताना कोपरापासून पंजापर्यंतचा पूर्ण हात मातीवर आपटायचा. घाबरलेला पोरगा पडताना हात लांब करून टेकवतो, आणि तिथंच कोपर निखळतं किंवा मनगट जातं. ही सवय अंगातून जायला महिना लागतोच. ज्याला निर्धास्त पडता येतं, तो पुढं निर्धास्त डावही मारतो, हे मी शेकड्यांनी पाहिलंय.

बॅक थ्रो, कलाजंग, ढाक, हे डाव मानेवर जातात. हे शिकवताना उचलणाऱ्याला बजाव की उचललास त्याला मातीपर्यंत पोचवायचीही तुझीच जबाबदारी, हवेत सोडलास तर आठवडाभर नुसत्या बैठका. मानेचा पूल पोरांना लवकर करावासा वाटतो, दिसायला भारी दिसतो. आधी हातांचा आधार देऊन, मग हळूहळू. बारा वर्षांच्या लेकराच्या मानेवर दुसऱ्याला बसवून ताकद दाखवायचे खेळ आपल्या तालमीत नकोत. रीळ करायला कुणी आलं तरी नकोत.

आणि मान गेली असं वाटलं तर काय करायचं, हे नीट वाच, कारण इथं चांगल्या मनाची माणसंच घात करतात. 2018 च्या एप्रिलमध्ये पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावच्या यात्रेत विशीतल्या एका पैलवानाची डाव मारताना मान मोडली आणि काही दिवसांत तो गेला. ते ऐकल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. कारण आपल्याकडं पोरगा मानेवर पडला की चार जण धावतात. एक बगलेत हात घालून उठवतो, दुसरा पाणी पाजतो, तिसरा म्हणतो सरा, मी मान बसवतो, आणि कडकन् झटका देतो. आतल्या मज्जारज्जूला धक्का बसला नसेल तर तो त्या झटक्यानं बसतो. तू काय करायचं? गुडघ्यावर बस, त्याचं डोकं दोन्ही हातांनी, जसं असेल तसंच, धरून ठेव. सरळ करायला जाऊ नको. बोटं हलतात का विचार, पायाला मुंग्या आहेत का विचार. श्वास चाललाय का बघत राहा. दुसऱ्यानं 108 लावायचा. गाडी येईपर्यंत अर्धा तास लागला तर अर्धा तास तसाच बस, माती लागते, मुंग्या चावतात, बस. मान लोंबकळत रिक्षात घालून न्यायचं कुणी सुचवलं तर त्याला बाहेर काढ. हाडवैद्य आपल्या ओळखीचा आहे, पाय मुरगळल्यावर मीही त्याच्याकडं जातो, पण मानेला त्याचा हात लागता कामा नये.

जोडीविषयी थोडं. वजनाचा मोठा फरक असेल तर ताकदीची लढत लावू नको, मोठ्याला खाली बसवून छोट्याला डाव मारायला लाव. रागातली जोडी ओळखायला शीक. गल्लीतलं भांडण, उसने पैसे, पोरीवरून काही, सगळं आखाड्यात येतं आणि घिस्सा मारायच्या निमित्तानं गालाचं कातडं निघतं. अशांना त्या दिवशी वेगळं ठेव. आणि शेवटची जोड. दिवसभरातली दुखापत बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांत होते, असा माझा तरी अनुभव आहे. गुडघे थकलेले असतात, मन घरी गेलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘वस्ताद, एक शेवटची.’ ती शेवटची कधीच द्यायची नाही. एकेरी पट काढताना पाय मातीत रुतलेला आणि अंग फिरलेलं, गुडघ्याचे बंध असेच तुटतात. कुणी ‘सोड’ म्हटलं किंवा मातीवर थाप मारली की त्याच क्षणाला सोडायचं. ज्यानं नाही सोडलं त्याला तू सोडू नको.

कानांचं. मोडलेला कान पोरांना पदकासारखा वाटतो, माझे बघून तर जास्तच. त्यांना सांग की या कानानं मला नीट झोपता येत नाही, आणि डॉक्टरनं कानात आडवं नळकांडं घालून बघायचं म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. कान घासून फुगला, आत रक्त साठून गरम झाला, की एक-दोन दिवसांतच कानाच्या डॉक्टरकडून ते काढून घट्ट पट्टी बांधून घ्यायची. थांबलं की ते गोठतं आणि कायमचं फुलकोबीसारखं होतं. घरी सुई टोचून काढायचा उद्योग आपल्या इथं पूर्वी झालाय, पू झाला होता. मऊ कानपट्ट्या मिळतात, घालायला लाजू नये.

गजकर्णाला पैलवान फार हलकं घेतात. एकाच्या मांडीवरचा चट्टा पंधरा दिवसांत सगळ्या तालमीत. पोरगा मेडिकलवर जातो, ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो, आणि त्याला चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मिळते. तिच्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग चट्टा दुपटीनं पसरतो आणि पुढं साधी औषधंही लागू पडत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरकडं पाठव आणि चट्टा जाईपर्यंत नुसता व्यायाम. लंगोट रोज धुऊन उन्हात, दुसऱ्याचा टॉवेल नाही. बुधवारी आपण गादी अंथरतो, तीही दर वेळी पुसायची. माती म्हणजे औषध, मातीनं सगळं बरं होतं, असं मीही तरुणपणी ठासून सांगायचो. ते मागं घेतो.

आता वजन आणि ऊन. ही दोन्ही एकत्र आली की मला धडकी भरते. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम कुस्तीआधी 100 ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. सगळा देश हळहळला. मला मात्र तिनं त्या रात्री शरीराचं काय केलं असेल, त्याचंच वाटत राहिलं. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी कपडे, तापवलेली खोली, पाण्याचा थेंब नाही. त्यानंतर तिकडं त्यावर बंदी आली. आपली पोरं काय करतात? मे महिन्यात रेनकोट घालून मोती तलावापर्यंत पळत जातात. जालन्याचा मे तुला सांगायला नको, पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. पत्र्याखाली तर भट्टी. माझा नियम असा, की आठवड्यात एक किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही, तेही खाण्याच्या हिशोबानं. थुंकून, घाम काढून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन उतरवणारा सापडला तर त्याला वरच्या गटात लढवायचं. वाढीच्या वयातल्या लेकरांचं तर वजन उतरवायचंच नाही.

एप्रिल-मे मध्ये तालीम सकाळी पाच ते सात, संध्याकाळी सहानंतर. पाण्याचा माठ हौद्याजवळ. पूर्वी आम्ही लढतीत पाणी पिऊ द्यायचो नाही, पाणी पिणारा कच्चा म्हणायचो, तो अडाणीपणा होता. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पोरगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखं लागलं, तर ती चक्कर समजू नको, तो उष्माघात. अशा वेळी आधी गार करायचं, मग गाडी. कपडे काढ, टाकीचं पाणी अंगावर ओत, बर्फवाल्याकडून लादी मागव, काखेत, मानेला, जांघेत लाव, पंखा लाव. रुग्णालयात नेईपर्यंत थांबलास तर तेवढ्यात मेंदू शिजतो. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नको.

सुयांचं थोडक्यात. भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायला असतं ते मेफेंटरमीन जिममधली पोरं दम वाढावा म्हणून टोचून घेतात, आणि आता भरतीवाल्या पोरांपर्यंत आलंय. ज्याच्या पिशवीत सापडेल त्याला बापासमोर उभा कर आणि बाहेर काढ, माझ्या भाच्याचा पोरगा असला तरी.

भरतीवाले म्हणजे आपल्याकडचे निम्मे. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण, म्हणून पहाटे सगळे रस्त्यावर. 2025 च्या जानेवारीत बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पहाटे पळणाऱ्या तीन पोरांना एसटीनं उडवलं, तिघंही गेले. तेव्हापासून मी आपल्या पोरांना हायवेवर जाऊ देत नाही. शाळेचं मैदान मिळतं, मुख्याध्यापकांना जाऊन भेट, दर वर्षी भेटावं लागतं. रस्त्यावरच जायची वेळ आली तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं, एकामागोमाग एक, पांढरा सदरा आणि कानात काही नाही. पळताना छातीत दुखलं किंवा कुणी एकदम कोसळलं, तर दम लागला असेल म्हणून सोडू नको. एकदा जरी पळता पळता शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरणं माणूस अचानक गेलेलं असेल, तर हृदयाचा डॉक्टर बघेपर्यंत त्याला पळवायचं नाही.

पोरी आता येतात, आणि तुझ्या हाताखाली आणखी येतील. त्यांच्या वेळेला एक तरी बाई तालमीत हजर असलीच पाहिजे, एखादीची आई बसली तरी चालेल. दार उघडं. एकट्या पोरीला थांबवून शिकवायचं नाही, रात्री मेसेज करायचे नाहीत, मालिश वस्तादानं करायची नाही. 2023 च्या जानेवारीत देशातल्या नामांकित पैलवान पोरी लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा आपल्याच एका जुन्या पैलवानानं मला म्हटलं, आपला काय संबंध. आहे संबंध. बाहेरगावी स्पर्धेला नेताना कोण कोणाबरोबर राहणार, ते घरच्यांना आधी लिहून दे.

एवढं सगळं केलंस तरी एक गोष्ट तुला पुरून उरेल. पोरं दुखणं लपवतात. तालमीची हवाच तशी असते. ‘दुखतंय’ म्हटलं की बाकीचे हसतात, ‘बायकी’ म्हणतात. मीही म्हणायचो. गुडघ्यात कळ येणारा पोरगा दोन महिने लंगडत लढतो आणि मग कायमचा जातो. यावर मला एकच उपाय सापडला. संध्याकाळी सगळे मातीत गोल बसले की मी आधी माझं सांगतो, आज कंबर धरली, उजवं मनगट दुखतंय. मग एकेक बोलतात. सुरुवातीला कुणी बोलायचं नाही. कासिमभाई, आपले जुने खलिफा, त्यांनी एके दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की मला आता डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं. त्या दिवसापासून पोरं बोलू लागली. वहीत तारीख, नाव, काय दुखतं, किती दिवस सुट्टी, हे सगळं आहे. जुन्या सात वह्या कपाटात आहेत, 1995 पासूनच्या. फेकू नको.

दारामागच्या फळ्यावर 108, आपल्या डॉक्टरांचा नंबर आणि प्रत्येक पोराच्या घरचा नंबर खडूनं लिहिलेला आहे. दोन नंबर बदललेत, नवे घालून घे.

आणि ती दक्षिणेची फरशी. देणगीदारांच्या नातवाकडं मी परवा स्वतः जाऊन आलो. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, काका, एवढ्यासाठी विचारायला आलात? नावाची पाटी दारावर लावा. रविवारी सकाळी सहाला पहार आणि दोन पोती भुसा घेऊन ये. मीही येतो.

तुझा मामा